चौकडीचा कागद आणि नेमका शब्द

(परभणी येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांचा; त्याचा जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या माणसाशी काय संबंध? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाने चौकडीवर चित्र काढावे म्हणून त्याच्या हाती एक अवजार द्यावयाचे आणि ते कसे वापरावे याची मार्गदर्शिका लिहावयाची, असा हा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर, माहिती खात्यातील नोकरदार. यंत्रविद्येचे शिक्षण मला नाही. परंतु मार्गदर्शिका लिहिणे हा आपणा सर्वांचाच धंदा आहे. परिपत्रक, अर्जाचा नमुना, योजनेचे माहितीपत्रक, शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली सूचना या सर्व मार्गदर्शिकाच होत. म्हणून हा विषय आपलाही आहे, असे मी मानतो.

अंगणातील चौकडी

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र लहान लहान चौकोनी घरांचे बनलेले असते. या एका घरास पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र प्रथमच संगणकात उतरविले, तेव्हा त्या चित्रात १७६ गुणिले १७६, म्हणजे ३० हजार ९७६ घरे होती. पुढे १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉश संगणकासाठी सुसान केअर यांनी ३२ गुणिले ३२ घरांत चिन्हे रेखाटली, आणि त्याची सुरुवात त्यांनी साध्या चौकडीच्या कागदावर केली. एकेक घर हेतुपूर्वक रंगवून केलेल्या अशा चित्रास आज पिक्सेल चित्र म्हणतात.

आपल्या मायबहिणींना ही कल्पना नवी नाही. ठिपक्यांची रांगोळी ही याच कुळातील होय. 'पंधरा ते आठ ठिपके' एवढे चार शब्द सांगितले की, गृहिणी मधल्या ओळीत १५ ठिपके मांडते, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करीत आठांवर थांबते. एकूण १६९ ठिपके होतात. परंतु पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध यावा, ही गोष्ट त्या चार शब्दांत कोठेही नाही. 'आठ ही ओळ वर एकदा आणि खाली एकदा' हेही त्यात नाही. ते आईने मुलीला अंगणात बसवून, बोट धरून शिकविलेले असते. शब्द थोडे असतात, कारण उरलेले ज्ञान हातात असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला, ज्यास आता सर्वत्र एजंट म्हणतात, अंगण नाही आणि आईही नाही. त्याच्याजवळ फक्त आपला मजकूर आहे.

एजंट आणि त्याचे अवजार

एजंट म्हणजे दिलेले काम स्वतः पायऱ्यापायऱ्यांनी पार पाडणारी संगणकीय व्यवस्था. तो भाषा समजून घेतो, पण चित्रात थेट हात घालीत नाही. त्याला अवजारे दिलेली असतात: एक रेषा काढण्याचे, एक चौकोन काढण्याचे, एक वर्तुळ किंवा लंबवर्तुळ काढण्याचे. प्रत्येक अवजाराबरोबर तीन गोष्टी जोडलेल्या असतात: त्याचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि भरावयाच्या रकान्यांचा नमुना. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला संकेत जाहीर केला. त्यातही अवजाराची ओळख अशाच रीतीने करून दिली जाते.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा गाव नमुना होय. सात-बाऱ्याच्या उताऱ्यात कोणत्या रकान्यात काय लिहावे, क्षेत्र कोणत्या एककात लिहावे, हे ठरलेले असते, म्हणूनच एका तलाठ्याने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. अवजाराची मार्गदर्शिका म्हणजे यंत्राने भरावयाच्या नमुन्याच्या टिपा.

उलटी उभी राहिलेली शाळा

माझा पुतण्या संगणक अभियंता आहे. त्याने असे एक लहानसे आकृती-अवजार तयार केले होते. शाळेतील मुलांनी मराठीत सूचना द्याव्यात आणि एजंटाने १६ गुणिले १६ घरांच्या चौकडीवर चित्र काढावे, असा त्याचा विचार होता. "काका, तुमचे मराठी चांगले आहे, मार्गदर्शिका तुम्ही लिहून द्या," असे तो म्हणाला. मी दोन तासांत सुबक मराठीत ती लिहून दिली. त्यात 'रुंदी : चौकोनाची रुंदी', 'उंची : चौकोनाची उंची' अशी वाक्ये होती. वाचावयास ती चांगली वाटत होती.

मग आम्ही प्रयोग केला. मी एजंटाला शाळेचे चित्र काढावयास सांगितले. भिंत चौथ्या स्तंभापासून अकराव्या स्तंभापर्यंत, दुसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत. त्यावर आठव्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत चढत जाणारे उतरते छप्पर. एजंटाने अवजार वापरले आणि उत्तर दिले, "शाळेचे चित्र पूर्ण झाले आहे."

आम्ही चित्र उघडून पाहिले. शाळा डोक्यावर उभी होती. छप्पर भिंतीच्या खाली होते आणि त्याचे टोक जमिनीकडे वळलेले होते. भिंत आणि छप्पर यांच्यात एका ओळीची फट होती. भिंतीची उजवी बाजू एका घराने तोकडी पडली होती.

दोष कोणाचा? मी प्रथम यंत्राला बोल लावला. पुतण्या म्हणाला, "काका, माणसाला सांगायची गरज नाही म्हणून तुम्ही जे गाळलेत, नेमके तेच त्याला हवे होते." त्याचे म्हणणे खरे होते. शाळेच्या आलेखात आपण खालून वर मोजतो; पडद्यावर मात्र मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि आकडा वाढला की आपण खाली उतरतो. ही गोष्ट मी लिहिलेली नव्हती. तसेच चार ते अकरा यांचा फरक सात येतो, पण चार आणि अकरा ही दोन्ही घरे धरली तर घरे आठ होतात. रुंदी म्हणजे फरक की घरांची संख्या, हेही मी लिहिले नव्हते. एजंटाने वजाबाकी केली. अकरातून चार गेले सात, सातातून दोन गेले पाच. जेथे ४८ घरांची भिंत हवी होती तेथे ३५ घरांची झाली.

ही चूक आपल्या ओळखीची आहे. शेताच्या बांधावर दहा खांब रोवले तर त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा नऊच असतात. खांब मोजावयाचे की जागा, हे आधी ठरविले नाही तर तारेचा हिशेब चुकतो.

'यशस्वी' हा शब्द पुरेसा नाही

परंतु मला सर्वात अधिक अस्वस्थ केले ते एजंटाच्या उत्तराने. "पूर्ण झाले आहे" असे त्याने निःशंकपणे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. अवजाराने त्याला परत 'यशस्वी' एवढाच शब्द दिला होता, आणि त्याने तो पुढे कळविला. काही यंत्रांना तयार झालेले चित्र दाखविता येते हे खरे. तरीही एकेका घराची मोजणी त्यांना नजरेने बिनचूक करता येईलच, असे नाही. त्यांना आकड्यांनीच सांगावे लागते.

मित्रहो, आपल्या कार्यालयांतून जाणारे अनुपालन अहवाल आठवा. 'कार्यवाही पूर्ण' एवढे दोन शब्द लिहिले की धारिका बंद होते. हातपंप दुरुस्त झाला की केवळ दुरुस्तीचा आदेश निघाला, हे त्या दोन शब्दांवरून समजत नाही. वरच्या कार्यालयास जागा दिसत नाही. त्याला फक्त कागद दिसतो. एजंटाची अवस्था नेमकी अशीच असते.

म्हणून आम्ही अवजाराचे उत्तर बदलले. आता ते सांगते : "चौकोन भरला, स्तंभ ४ ते ११, ओळी ८ ते १३, ४८ घरे रंगविली, चौकडीबाहेर गेलेली घरे शून्य." एजंटास अपेक्षित संख्या आणि प्रत्यक्ष संख्या यांची तुलना करता येऊ लागली, आणि चूक झाल्यास तो स्वतःच थांबू लागला.

नव्या मार्गदर्शिकेत काय लिहिले

दुसऱ्या वेळी मी लिहावयास दोन तास नव्हे, चार दिवस घेतले. त्यातून निघालेले मुद्दे थोडक्यात सांगतो.

पहिला मुद्दा आरंभबिंदूचा. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, शून्यापासून सुरू होते. १६ घरांच्या चौकडीत शेवटचे घर १५ क्रमांकाचे असते. ओळीचा क्रमांक वाढला की आपण खाली जातो. मार्गदर्शिकेचे हेच पहिले वाक्य असावे.

दुसरा मुद्दा सीमेचा. रुंदी म्हणजे घरांची संख्या; पहिले आणि शेवटचे घर धरून. या वाक्यापुढे लगेच एक उदाहरण दिले : स्तंभ ४ ते ११ यांची रुंदी ८.

तिसरा मुद्दा वर्तुळाचा. मध्यबिंदू आणि त्रिज्या सांगून वर्तुळ काढावयाचे ठरविले तर अडचण येते. मधले एक घर आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन घरे धरली तर रुंदी सात होते. चार-चार धरली तर नऊ होते. आठ घरे रुंदीची बांगडी या रीतीने काढताच येत नाही, कारण सम संख्येचा मध्य घरात पडत नाही, दोन घरांच्या सीमेवर पडतो. म्हणून आम्ही मध्यबिंदू मागणे सोडून दिले आणि ज्या चौकोनात वर्तुळ बसवावयाचे त्याची डावी-वरची जागा, रुंदी व उंची मागितली.

चौथा मुद्दा तिरप्या रेषेचा. चौकडीवर तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांनीच जाते. कोणते घर घ्यावे आणि कोणते सोडावे, याची सुटसुटीत रीत जॅक ब्रेसनहॅम यांनी आयबीएम कंपनीत असताना १९६२ साली शोधली; ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. तीत भागाकार लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि तुलना यांवर काम भागते. शून्याव्या स्तंभाच्या शून्याव्या ओळीपासून सातव्या स्तंभाच्या तिसऱ्या ओळीपर्यंत रेषा काढली तर आठ स्तंभांत ओळींचे क्रमांक ०, ०, १, १, २, २, ३, ३ असे येतात. दोन-दोन घरांच्या चार पायऱ्या. हे उदाहरण दिल्यावर, रेषा तुटक का दिसते, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

पाचवा मुद्दा नकाराचा. आकृती चौकडीबाहेर गेली तर बाहेरचा भाग कापावा की काम नाकारावे? मागितलेला रंग रंगपेटीत नसेल तर जवळचा घ्यावा की थांबावे? खाली आधीचे चित्र असेल तर ते पुसले जाईल काय, आणि एका आज्ञेने केलेला बदल एका आज्ञेने मागे घेता येईल काय? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकेका वाक्यात लिहिले. नकार द्यावयाचा असेल तर नुसते 'चूक' म्हणू नये. काय चुकले आणि काय दिल्यास चालेल, हे सांगावे. 'स्तंभ १८ चौकडीत नाही. ० ते १५ यांपैकी द्या', असे. अर्ज फेटाळताना कोणता कागद कमी आहे हे सांगणारा लिपिक लोकांना का आवडतो, हे आपणास सांगावयास नको.

या मजकुरात सुंदर असे एकही वाक्य नाही. परंतु दुसऱ्या वेळी शाळा सरळ उभी राहिली.

एक घर म्हणजे एक गुंठा

आता कोणी म्हणेल, चित्रातील एक घर इकडचे तिकडे झाले तर बिघडले काय? आपल्या जिल्ह्यापुरते तरी याचे उत्तर गंभीर आहे.

आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन. १०८९ चौरस फूट. मेट्रिक मापात तो सुमारे १०१ चौरस मीटर भरतो. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे शेतीच्या अभ्यासासाठी जगभर वापरली जातात. त्यांतील सर्वात सूक्ष्म पिक्सेल १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. याचा अर्थ असा की, त्या चित्रातील एक घर म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन.

आता तोच हिशेब पुन्हा करून पाहा. कोणाचे शेत चित्रात सहा घरे लांब आणि सहा घरे रुंद आहे, ३६ घरे. सीमेवरचे एक घर चुकून अधिक धरले गेले आणि दोन्ही बाजू सात झाल्या, तर घरे ४९ होतात. उलट, सातांचे सहा झाले तर १३ घरे गळतात. सीमा आत धरावी की बाहेर, एवढ्या एका न लिहिलेल्या वाक्यापायी सुमारे तेरा गुंठ्यांचा फरक पडतो. अल्पभूधारकाच्या दृष्टीने तेरा गुंठे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना मी काय सांगावे? शिवाय सीमेवरच्या घरात थोडा बांध, थोडे शेजाऱ्याचे सोयाबीन आणि थोडी आपली कापूस-ओळ असे मिश्रण असते, ते वेगळेच.

हे केवळ हिशेबाचे उदाहरण आहे, हे मी स्पष्ट करतो. जमिनीची कायदेशीर हद्द उपग्रहाच्या चित्रावरून ठरत नाही; ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते. परंतु चित्रांवरून पिकाचा अंदाज घेणे, नोंदी तपासणे ही कामे वाढत जाणार, यात शंका नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोनच्या साहाय्याने तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून रोबोट, ड्रोन व स्वयंचलित यंत्रे यांच्या साह्याने डिजिटल शेती करण्याविषयीचे केंद्र उभे राहिले. म्हणजे ही विद्या आपल्या दारी आली आहे. उद्या एखादा एजंट अशा चित्रावर चौकोन आखील, तेव्हा त्याच्या अवजाराची मार्गदर्शिका कोणी आणि किती काळजीने लिहिली होती, यावर शेतकऱ्याचा हिशेब अवलंबून राहील.

आपण काय करावे

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी की, संगणक नसला तरी चौकडीचा कागद घ्यावा. दोन मुलांना पाठीस पाठ लावून बसवावे. एकाने आपल्या कागदावरील आकृती केवळ शब्दांनी सांगावी आणि दुसऱ्याने ती न पाहता काढावी. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. चूक झाली तर ती काढणाऱ्याची की सांगणाऱ्याची, यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. त्या एका तासात भूमिती, भाषा आणि संगणक हे तिन्ही विषय शिकविले जातील. ठिपक्यांच्या रांगोळीच्या सूचना लिहावयास लावल्या तर मुलींचे आणि मुलांचेही लेखन नेमके होईल.

अधिकारी वर्गास मी एवढेच सुचवीन की, नव्या यंत्रणेसाठी मराठी मजकूर तयार करण्याचे काम आले, तर ते केवळ भाषांतर समजून एका बैठकीत उरकू नये. मी ते केले आणि शाळा डोक्यावर उभी राहिली. मजकूर लिहून झाल्यावर, त्या विषयाचे काही माहीत नसलेल्या माणसाला तो द्यावा आणि त्याने त्यावरून काय केले ते पाहावे. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे मजकुरातून गळलेले एक वाक्य होय.

आणि पंचायत सदस्यांनो, आपण प्रश्न विचारावेत. नकाशा दाखविणाऱ्यास विचारावे की, यातील एक घर जमिनीवर केवढे? सीमेवरचे घर आत धरले की बाहेर? यंत्राने 'पूर्ण झाले' म्हटले, ते कोणी जागेवर जाऊन पाहिले काय? हे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

यंत्र हुशार होत जाईल, तसतसे सांगणाऱ्याचे काम सोपे होईल, असा एक समज आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. मदतनीस जितका आज्ञाधारक आणि वेगवान, तितकी सांगणाऱ्याची जबाबदारी मोठी. कारण आपली अर्धवट सूचना तो थांबून विचारल्याशिवायही पार पाडतो, आणि वर 'पूर्ण झाले' असेही कळवितो. म्हणून सूचना पूर्ण द्यावी, सीमा स्पष्ट सांगावी आणि काम झाल्यावर घरे मोजून घ्यावीत.



जय हिंद, जय महाराष्ट्र.